कोळंबीच्या टरफलांची पट्टी

अण्णा, आज इंदिरानगरच्या गच्चीवर गुलाबाच्या कुंड्यांना हाडांचा चुरा घातला आणि तुमच्यावरचा जुना राग पुन्हा उफाळून आला. मळ्यात तुम्ही हाच चुरा ओंजळी भरभरून घालायचात. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा नाही, आणि हात कोपरापर्यंत हाडांच्या भुकटीनं पांढरे. शाळेत असताना मी विचारलं, तर हसलात. "अगं, माळ म्या घातलीय. गुलाबानं कुठं घातलीय?"

दोन हजार सालानंतर मला अंबडच्या कारखान्यात नोकरी लागली. कोळंबी सोलून परदेशी पाठवणाऱ्यांकडची टरफलं आमच्याकडे यायची, एरवी किनाऱ्यावर कुजत पडणारी. ती आधी आम्लात, मग कॉस्टिक सोड्यात शिजवून आम्ही पांढरी भुकटी काढायचो आणि तिच्यापासून जखमेच्या पट्ट्या करायचो. वाससुद्धा नाही. जंतू तिच्यापुढे वाढत नाहीत, हे मी काचेच्या बशीत रोज बघत होते. त्याच सुमारास तुमच्या पायाच्या अंगठ्यात गुलाबाचा काटा गेला. साखर वाढलेली, जखम भरेना. मी आमची पट्टी घरी आणली.

तुम्ही ओसरीवर बसला आहात, पाय पाटावर. मी पाकीट फोडते. तुम्ही विचारता, "कशाची गं ही?" कापसाची म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण तुमच्याशी खोटं बोलायची सवयच नव्हती. ऐकून तुम्ही पट्टी पाकिटात परत घातलीत आणि हात धुतलेत.

"ऱ्हाऊ दे. हळद हाय की घरात."

"अण्णा, औषध आहे हे! हाडं चालतात आणि हे नाही?"

"हाडं मातीत जात्यात, पोरी. हे माझ्या अंगात जाईल."

असं बोलणाऱ्या माणसापुढे किती डोकं फोडायचं? पाय गुडघ्याखाली कापावा लागला, आणि पावसाळा संपायच्या आत तुम्ही गेलात. त्या पट्टीनं तुम्ही वाचलाच असता असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण करून तर बघायचं होतं. एकदा. तुमची आठवण आली की लोकांसारखं रडू येत नाही मला, चीड येते.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? तरी एक सांगते. परवा भाजी चिरताना बोट कापलं. कपाटातून आमचीच पट्टी काढली. लावण्याआधी मात्र देवघराचं दार ओढून घेतलं. तुमची माळ आत आहे ना.