गिअरबॉक्सखालचा डाग

अण्णा, तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्समधून ऑइल गळायचं थांबलं, हे तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच द्यावीशी वाटली. देताना मात्र बरं वाटत नाहीये.

मिस्त्रीकाकांना तुम्ही मोशीतल्या त्यांच्या गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकांदेखत बोललात, तो दिवस मला पाठ आहे. वर्षात ऑइल अडवणारं तिसरं रबरी सील बदललं होतं आणि गाडीखाली पुन्हा काळा डाग. "डुप्लिकेट सील टाकतोस आणि वर तोंड करून बोलतोस?" तुम्ही म्हणालात. हातातलं फडकं पिळत ते एवढंच म्हणाले, "न्हाई अण्णा, तुमच्या गाडीला आसलं करीन व्हय?" वीस वर्षांची मैत्री तिथेच संपली. तुमच्या दहाव्यालाही ते आले नाहीत, तेव्हा मी आईला म्हटलं, कुठल्या तोंडानं येतील?

संशय घ्यायला मी तुमच्याकडूनच शिकले. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे. सप्लायरचा माल चांगला निघाला की मला जास्तच शंका येते. तुमची गाडी आता मीच चालवते; पिंपळे सौदागरच्या एका चकाचक गॅरेजमध्ये दोनदा तिचं सील बदलून घेतलं, दोनदा गळलं, त्यांनाही चोर ठरवून मोकळी झाले. शेवटी नाइलाजानं मिस्त्रीकाकांकडे गेले. सील मी स्वतः आणलं होतं, व्हर्नियरनं मोजून. काका आता थकलेत, चष्मा दोरीनं बांधतात. मी त्यांच्या डोक्यावर उभी. त्यांनी चाकाचा अ‍ॅक्सल काढला, जुनं सील माझ्या तळहातावर ठेवलं. "बगा ताई. सील चांगलं हाय. आतनं दाब येतोय." मला वाटलं, झालं, आता गिअरबॉक्स खोलायचं नाटक सुरू.

मग त्यांनी बॅटरी आणि तिच्या खालचा ट्रे काढला, वाकून पाहिलं, आणि "चा घिऊन येतो" म्हणत बाहेर गेले. मी लगेच वाकले, यांनी काय करून ठेवलं ते बघायला. गिअरबॉक्स तापला की आतली हवा बाहेर पडायला वर एक बारीक नळी असते, ब्रीदर. तिच्यात बूच होतं. निळ्या स्लिपरच्या रबराचं, ब्लेडनं गोल कापलेलं, त्यावर तुमच्या सवयीप्रमाणे गुंडाळलेली तांब्याची तार. पार्किंगमध्ये पाणी शिरलं त्या पावसाळ्यात तुम्ही गॅलरीत बसून ते कापत होतात. "पाण्याचा काय भरवसा," असं म्हणालाही होतात. गळती लागली ती त्यानंतरच. आत हवा कोंडायची आणि ऑइल प्रत्येक नव्या सीलमधून वाट काढायचं.

मी बूच उपटून मुठीत धरलं. काका चहा घेऊन आले.

"काय व्हतं ताई?"

"माती."

ते माझ्या मुठीकडे बघत राहिले. "मातीच आसंल," म्हणाले. बूच त्यांनी आधीच पाहिलं होतं आणि मला ते एकटीला सापडावं म्हणून उठून गेले, असा मला संशय आहे. आजवर घेतलेल्या संशयांपैकी हा एकच मला झोपू देत नाही.

तुमचं नाव राखायला खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे माफी मागायला माझीच जीभ उचलली नाही. हे लिहिलेलं आईलाही दाखवणार नाही. महिना झाला, गाडीखालची फरशी कोरडी आहे, आणि चाकणला जाताना मी त्यांच्या गॅरेजवरून जायचं टाळते.