अकरा जणांची सोय

शनिवार, १ तारीख

पोचलो. गाडी वेळेवर, सामान शाबूत, मन प्रसन्न. एवढं मोठं शहर मी पहिल्यांदाच पाहतो आहे आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. रस्ता ओलांडायला दिवे आहेत आणि लोक दिव्यांचं ऐकतात. मी दुकानांच्या पाट्या वाचत वाचत चाललो. पाट्या रंगवणं हाच माझा धंदा, त्यामुळे नजर आधी तिकडे जाते. स्टेशनपासून चौकापर्यंत बावीस पाट्यांवर चुका सापडल्या. शाळा मी नववीत सोडली, पण ऱ्हस्व-दीर्घ सोडलं नाही.

कामाची नोंद करतो. शुक्रवारी दादाच्या मुलीचा पदवीदान समारंभ आहे. घराण्यात पदवी घेणारी ती पहिलीच. त्यासाठी ती, आई, दादा-वहिनी, आत्या, ताई, भावोजी आणि पोरंटोरं मिळून दहा जण गुरुवारी सकाळी येणार. माझ्यासकट अकरा. परवडणारं, स्वच्छ आणि सभागृहाजवळचं हॉटेल शोधायचं काम माझ्याकडे आहे. भावोजी म्हणाले, शंकासुराला आधीच पाठवा, नाहीतर हा ऐन वेळी गाद्या उचलून ढेकूण मोजत बसेल. सगळे हसले. मीही हसलो, म्हणजे दात दाखवले. मागच्या वेळी हॉटेल भावोजींनी निवडलं होतं आणि आईला तीन मजले पाण्याची बादली चढवावी लागली होती. ते कुणाला आठवत नाही. मला आठवतं.

आजची रात्र स्टेशनजवळ काढतो. उद्यापासून शोध.

रविवार, २ तारीख

सहा हॉटेलं पाहिली. पहिल्याची खिडकी उघडली की समोर भिंत. दुसऱ्याचा जिना इतका चिंचोळा की आत्या वर जाईल, पण तिची पिशवी खालीच राहील. तिसऱ्याकडे फोटोतली खोली नव्हतीच. विचारलं तर म्हणाला, फोटो तो फोटो. चौथ्यात मी नळ सोडला आणि खालच्या मजल्यावरून शिव्या आल्या. पाचवं चांगलं होतं, पण सभागृहाला जायला दोन बस बदलाव्या लागतात. सहाव्याचा माणूस मी गादी उचलली म्हणून भडकला. राहायचंय की पंचनामा करायचाय, म्हणाला. मी म्हटलं, दोन्ही.

सातवं मिळालं. सभागृहाच्या मागच्या गल्लीत, माझ्या चालीने तीनशे चाळीस पावलं. चार मजले, भाडं इतरांच्या जवळपास निम्मं. रंगकाम तर बघत राहावं असं. दारं हिरवी, जिना निळा, कालच हात फिरवल्यासारखा ताजेपणा, कुठे ओघळ नाही. रंगाचा वासही नाही. मी भिंतीला नाक लावून पाहिलं. रंग कुठला वापरता, असं विचारलं तर मॅनेजर म्हणाले, आमचा घरचाच असतो.

मॅनेजर मध्यमवयीन, दोरीला बांधलेला चष्मा छातीवर. मी गादी उचलली तर त्यांनी दुसरी बाजू धरली. म्हणाले, असा चौकस माणूस घरात असणं हे घरच्यांचं भाग्य. आमच्या घरात हे वाक्य आजवर कुणाच्या तोंडून निघालेलं नाही.

खोली घेतली. दुसरा मजला, रस्त्याकडची.

सोमवार, ३ तारीख

विद्यापीठाच्या कचेरीतून समारंभाचे पास आणले. कारकुनाने अकरा मोजून दिले. मी पुन्हा मोजले. त्याने कपाळाला हात लावला. लावू दे. एक कमी भरला असता तर दारात मलाच उभं केलं असतं.

नाश्त्याला खाली सात जणांचं एक कुटुंब असतं. त्यांच्यातला एक गृहस्थ सगळ्यांना चहा ओतून देतो, एकेकाची थट्टा करतो. एक छोटी मुलगी आहे, लालभडक फ्रॉकमधली. त्यांच्या आजी मला म्हणाल्या, आम्ही उद्या निघणार, पण इथून पाय निघत नाही बघा.

दुपारी मॅनेजरांसोबत दोन तास बसून खोल्या वाटल्या. आईचे गुडघे, आत्याचं घोरणं, दादाची उंच उशी, वहिनीला लिफ्टची भीती, भावोजींना सल्ला द्यायला सतत लागणारं एक माणूस, सगळं सांगितलं. ते लिहून घेत होते. मग त्यांनी विचारलं, तुम्ही आईशी कसे बोलता? दादाशी कसे? कुणी थट्टा केली तर काय करता? तेही सांगितलं. हसून दाखवा म्हणाले. दाखवलं. घरच्यांनी मला आजवर एवढे प्रश्न विचारलेले नाहीत. घरचे मला फक्त उत्तरं देतात.

मंगळवार, ४ तारीख

खोल्या तयार आहेत म्हणून मॅनेजर दाखवायला घेऊन गेले. आईची खोली तळमजल्यावर, मी सांगितल्याप्रमाणे. पण पलंगाच्या डाव्या बाजूला खळगा होता. एखादं माणूस वर्षानुवर्षं एकाच कुशीवर झोपलं की पडतो तसा. आई डाव्या कुशीवर झोपते. हे मी सांगितलं नव्हतं. उशाशी एक रुमाल होता. त्याचं टोक चावलेलं. आई काळजीत असली की रुमालाचं टोक चावते. हेही मी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, हे कुठून आलं? ते म्हणाले, तुमच्या बोलण्यातून. एवढं बोलून चष्मा पुसत बसले. मला राग आला, पण मी जिना मोजत वर आलो. माझं नेहमीचंच. राग आला की मी काहीतरी मोजतो.

आणखी एक. ते कुटुंब निघालेलं नाही. आजी आज पुन्हा म्हणाल्या, आम्ही उद्या निघणार. मुलीचा फ्रॉक तोच होता, पण काल लाल होता आणि आज फिका गुलाबी. मी धंद्याने रंगारी आहे. रंगाच्या बाबतीत माझी चूक होत नाही. एका धुण्यात एवढा रंग जात नाही. आणि पहिल्या मजल्यावरचा काल पांढरा असलेला खांब आज लालभडक आहे. हात लावला. कोरडा. वास नाही.

दादाला फोन केला. म्हटलं, दुसरं हॉटेल बघतो. नेमकं कारण सांगता येईना. दादा वैतागला. म्हणाला, सात पाहून झाली, आता आठवं कशाला? तुला बाजारात पाठवलं की तू हात हलवत येतोस, लग्नाला मुली दाखवल्या तेव्हाही तेच केलंस. मागून भावोजींचा आवाज आला, गादीखाली वाघ निघाला वाटतं.

मी फोन ठेवला. हॉटेलातल्या पायऱ्या, दारं, खिडक्या मोजल्या. राग गेला नाही.

बुधवार, ५ तारीख. सकाळ

मुलीच्या फ्रॉकला आज रंगच नव्हता. फ्रॉक जाऊ दे. तिचा चेहरा उन्हात दहा वर्षं टांगलेल्या पाटीसारखा झाला आहे. नाकडोळे कुठे होते ते माहीत असेल तरच दिसतात. तिने टेबलावर हात ठेवला तर हाताखालून टेबलाची कड दिसली. आजींचंही तेच. त्या मला काहीतरी म्हणाल्या, ओठ हलले, उद्या निघणार असंच असावं. आणि चहा ओतणारा गृहस्थ मात्र टवटवीत, शर्टाची निळाई डोळ्यांत भरणारी.

मी उठलो आणि थेट वर गेलो. चौथा मजला मला दाखवला नव्हता, दुरुस्ती चालू आहे म्हणून. तिथे तीन दारं. मधल्या दाराआडून कुणीतरी हळूच विचारलं, तुम्ही नवे का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, घरच्यांना आणू नका. मी आधी येऊन हॉटेल पसंत केलं होतं. आता खाली बसलेत ते माझे लोक आहेत. आई, बायको, मुलगी. चहा ओततो तो मी नाही.

मी विचारलं, मग तो कोण? तो म्हणाला, माहीत नाही, पण रोज सकाळी येऊन मला न्याहाळून जातो. नक्कल टिकवायला मूळ समोर लागतं ना. मग रडत विचारलं, मुलगी कशी आहे हो?

मी सांगितलं, बरी आहे. खोटं बोललो.

खाली आलो. फोन काउंटरवर ठेवला आणि मोकळ्या झालेल्या हाताने मूठ आपटली, आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, अकरा जणांच्या सगळ्या खोल्या रद्द. मॅनेजर शांतपणे म्हणाले, तुम्हीच तर सकाळी कायम केलंत. कागद दाखवला. खाली माझी सही, शेवटच्या अक्षराखालच्या रेघेसकट.

काउंटरवरच्या फोनचा स्पीकर लावून त्यांच्यादेखत दादाशी बोललो. येऊ नका म्हटलं. दादा हसायला लागला. म्हणाला, अरे, आत्ता तासाभरापूर्वी तूच बोललास की, मी उगाच घाबरत होतो, हॉटेल झकास आहे. पहिल्यांदा बाप्यासारखा बोललास. आईसुद्धा म्हणाली, पोराचा आवाज किती मोकळा झालाय. आता पुन्हा तुझं रडगाणं सुरू करू नकोस.

तो मी नव्हतो, असं मी ओरडलो. दादा म्हणाला, मग तोच बरा होता. आणि ठेवून दिला.

तोच बरा होता.

तीस वर्षं मी या लोकांच्या गाड्यांच्या वेळा, औषधांच्या तारखा, गॅसचे नळ तपासतो आहे. आणि तोच बरा होता.

आत्ता स्टेशनवर जातो. उद्या गाडी येईपर्यंत फलाटावरच बसतो. भावोजींची कॉलर धरावी लागली तरी धरीन. फक्त पास घ्यायचे आहेत. इथल्यांच्या हाती पुतणीचे पास सोडून मी जाणार नाही.

बुधवार. दुपार

गाढव आहे मी.

माझी खोली रिकामी होती. पिशवी शोधत वर गेलो तर ती चौथ्या मजल्यावर, तिसऱ्या उघड्या दाराच्या आत, जमिनीवर, मला दिसेल अशी. मी आत गेलो. दोन पावलं. दार लागलं.

पिशवीत कपडे, दाढीचं सामान. ही वही तेवढी खिशात होती. पास नाहीत. फोन काउंटरवर राहिला. मूठ आपटायला हात मोकळा हवा होता ना.

खुर्ची खिडकीच्या काचेवर हाणली. खुर्ची मोडली.

शेजारच्याला हाका मारल्या. तो एकदाच म्हणाला, ओरडू नका, तुमचा आवाजही ते शिकतील.

नंतर

दार उघडलं नाही, पण खाली फटीतून कुणीतरी बघत होतं. बराच वेळ. मी शिव्या दिल्या. मला येतात त्या सगळ्या. पलीकडून त्याच शिव्या हळू आवाजात परत आल्या, एकेक, नीट, पाठ करावं तशा—

मग खालून हसणं ऐकू आलं. माझं. पण मी असा मोकळा कधी—

गुरुवार, ६ तारीख. सकाळ

झोपलो नाही. गाडी पोचायची वेळ होऊन गेली.

काचेतून गल्ली दिसते. आवाज जात नाही. पण पिशवीच्या तळाशी समारंभासाठी आणलेलं बुटांचं काळं पॉलिश सापडलं. दुकानांच्या काचांवर आम्ही आतून रंगवतो, अक्षरं उलटी काढतो म्हणजे बाहेरून सुलटी दिसतात. बोटाने काढली. हातभर उंचीची. आत येऊ नका. एकही रेघ वाकडी नाही. माझं अक्षर दादा कुठेही ओळखेल.

आले.

दोन टॅक्सी. दादा, वहिनी, आत्या उतरली. पुतणी नवे कपडे घालून. आणि हॉटेलातून तो बाहेर गेला. माझा शर्ट. त्याने आईच्या हातातली पिशवी घेतली. भावोजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो हसला. सगळे हसले. इतकी वर्षं मला त्यांना एवढं हसवता आलं नाही—

पुतणीने वर पाहिलं. वाचलं. दादाला दाखवलं. दादाने वाचलं.

माझ्या शर्टातला तो काहीतरी बोलला, वर बोट दाखवून. भावोजी पोट धरून हसताहेत. दादाही. मी आणखी लिहितो, पॉलिश संपत आलं, हा मी नाही, एवढंच—

दादाने मान हलवली, हात झटकला. शंकासुर, म्हणत असेल.

मूर्ख. सगळे मूर्ख. अक्षर ओळखता आणि—

आई.

आई अक्षरांकडे बघत नाही. तिला वाचता येत नाही. ती अक्षरांच्या मधून बघते आहे. माझ्याकडे.

तिने त्याच्याकडे पाहिलं. परत माझ्याकडे. रुमाल तोंडाशी नेला.

त्याच्या हातातून तिने पिशवी हिसकावली. ओळखलं. आईने ओळखलं. आता ती सगळ्यांना मागे—

नाही

आई, इकडे नाही. ती दाराकडे धावते आहे. पिशवी टाकून. तिच्यामागे पुतणी, दादा, ओरडत, सगळेच, पोरं, सगळे आत. तो बाजूला सरून दार धरून उभा आहे.

वाचता येत नाही तर निदान कधीतरी माझं ऐकायचं होतंस. हातवारे करत होतो ना मी, मागे जा, मागे जा. तुला वाटलं, ये म्हणतोय.

जिन्यावर आहे ती. तिच्या गुडघ्यांना चार मजले—

नावाने हाका मारते आहे. मी उत्तर देणार नाही. उत्तर दिलं तर ती वर येईल, मी गप्प बसलो तर फिरेल मागे. तोंड दाबून धरलं आहे, एका हाताने लिहितो आहे.

तिसरा मजला.

कुणीतरी ओ दिली तिला. माझ्या आवाजात. म्हणतोय, आई, ये, मी इथे