पाण्यावरची काठी

७ डिसेंबर

धूळ! तिसरा दिवस. वाळवंट उठून समुद्रावर बसलंय. तिद्रा बेट सोडा, अंगणातली शेळी दिसत नाही. माझा सालेक आणि त्याचा सोबती बिलाल परवा पहाटे मासेमारीला गेले, तीन दिवसांचं पाणी घेऊन. शिडाची होडी — वारा पडला की नुसता ओंडका, वल्हवून किती जाणार. आणि वारा पडलाय.

अभयारण्याच्या चौकीवर गेले. आम्हाला इंजिनाची बंदी, मोटारबोट काय ती त्यांच्याकडे. रक्षक म्हणाला, "ताई, या धुळीत मीच हरवेन." म्हटलं, माझा नवरा आहे तिकडे! पक्षी मोजायला बरे जाता!

८ डिसेंबर

नाही आले.

९ डिसेंबर

दिसत नाही तर नाही, ऐकू तरी जाईल — म्हणून सासऱ्यांची काठी काढली. बायकांनी तिला शिवायचं नसतं. शिवले. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून बडवली, अगदी त्यांच्यासारखी: दोन जोरात, एक हलका, मग थांबायचं. असं बडवून ते डॉल्फिनना बोलवायचे, डॉल्फिन बोय मासा हाकत किनाऱ्याला आणायचे. सासरे वारल्यावर पुरुषांनी खूप बडवलं. दोन वर्षांत एकही डॉल्फिन फिरकला नाही.

आज आले! बोय माझ्या मांड्यांवर आपटत होते. रोहित पक्षी उडाले, पेलिकन तुटून पडले, अख्खं गाव जाळी घेऊन पाण्यात. मबार्का खाला ओरडली, "अगं, सासऱ्याचाच हात गं तुझा!" आणि नाचायला लागली. मी रडत होते, बडवत होते. कुणाला बोलावतेस, हे एकानेही विचारलं नाही.

१० डिसेंबर

दोरी-दोरीवर मासा सुकतोय. ताटात तुकडा आला, हात लावला नाही. मग लावला. भूक लागली होती. लाज वाटते.

पुन्हा गेले बडवायला. तळहात फुटलेत. "आज पुरे वहिनी, जाळी ओली आहेत," पुरुष म्हणाले. मेल्यांनो!

१२ डिसेंबर

धूळ बसली. होडी सापडली, तिद्राच्या पार पलीकडे. होडीत दोघे. जिवंत एकटा बिलाल. सालेक काल सकाळी गेला, पाण्यावाचून.

बिलाल म्हणाला, "वहिनी, अगदी जवळ आलो होतो. काठी ऐकू आली. सालेक म्हणाला, हा अब्बांचा हात आहे, मेलेलं माणूस बोलावतंय, ओ देऊ नकोस, उलटं वल्हव. दिवसभर उलटं वल्हवलं आम्ही."

हात माझा होता. बिलालला अजून कुणी सांगितलेलं नाही.