लिफ्टमधला भाऊ

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोन का केला नाही ते खाली येईलच. आधी इकडची खुशाली. हिची कंबर आता बरी आहे. मी नवा संगणक घेतला. जुना इतका धापा टाकायचा की रेकॉर्डिंगमध्ये माझ्याआधी त्याचाच आवाज यायचा. नवा अगदी मुका आहे. चालू आहे की बंद ते हात लावून बघावं लागतं.

दुसरी बातमी अशी की घशाचा तुकडा तपासायला दिला होता, त्याचा निकाल आला. कॅन्सर आहे. स्वरयंत्र काढावं लागणार. वीस मार्चला ऑपरेशन. जीव वाचेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांचं म्हणणं. हे लिहिताना रडू येईल असं वाटलं होतं, पण नाही आलं. डॉक्टर सांगत होते तेव्हा मी त्यांच्या खोलीतल्या पंख्याची घरघर ऐकत बसलो होतो. असल्या खोलीत रेकॉर्डिंग करता येणार नाही, एवढंच डोक्यात आलं.

तोवर आवाज जपून वापरायला सांगितलाय, म्हणून फोन बंद. तो जपायचा कशासाठी, तर दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्यासाठी. त्या म्हणाल्या की ऑपरेशनच्या आधी अमुक एवढी वाक्यं घरी रेकॉर्ड करून द्या. त्यावरून त्या एक यंत्र तयार करून देतील. नंतर मी टाइप करायचं आणि यंत्राने माझ्या आवाजात बोलायचं. संगणक घेतला तो त्यासाठीच. पण घोळ असा झाला की माझं जुनं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर नव्यावर चालतच नाही. लिफ्टच्या, बँकेच्या, दुकानांच्या सगळ्या सूचना इतकी वर्षं त्याच्यावर केल्या, आणि आता उघडायला गेलं की एक करडी चौकट येते आणि मिटते. तेव्हा खिशाला झेपेल असं दुसरं शोधतोय. बाजारात ढीगभर पडलीत. बघून कळवतो.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा
भाऊ


१३ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

ही काय पत्र लिहायची रीत झाली? आधी बायकोची कंबर, मग संगणक आणि मग कॅन्सर! मी दुकानात होते, हातात गिऱ्हाइकाची पँट. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग त्या पँटचा एक पाय उलटा शिवला. उसवला आणि परत उलटाच शिवला. शेवटी शटर ओढलं आणि आत बसून रडले. पोटभर रडले, तुझ्यासारखं पंख्याकडे बघत बसणं मला जमायचं नाही.

त्या मोठ्या ऑफिसच्या इमारतीत मी पडदे द्यायला जाते, ठाऊक आहे ना? तिथे तुझी लिफ्ट आहे. तू म्हणतोस, तिसरा मजला, दरवाजे उघडत आहेत. मी दरवेळी म्हणते, बरं बाबा. आजूबाजूचे बघतात. काल पडदे नव्हते तरी गेले. वर गेले, खाली आले, परत वर गेले. वॉचमनने विचारलं कोणाकडे जायचंय. भावाकडे म्हटलं, तर तो म्हणाला कितव्या मजल्यावर. आता काय सांगू त्याला!

सॉफ्टवेअरमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण शिलाई मशीन घेताना मी दोनच गोष्टी बघितल्या होत्या. टाका सरळ पडतो का आणि दुरुस्तीवाला जवळ आहे का. तूही तेवढंच बघ आणि लवकर उरक. आणि एक काम कर. बाईंच्या वाक्यांत नसलं तरी तू ताई म्हणतोस तेवढं त्यात घाल. बाकी यंत्राने काय बोलायचं ते बोलू दे.

माझ्या भावजयीला माझ्या वाटणीचा आधार तूच दे. जेवणखाण वेळेवर ठेव, एवढी माया तरी स्वतःवर कर.

तुझी
ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस लवकर उरक, पण घाईत घेतलेली वस्तू गळ्यात पडते. चाळून चाळून तीन उरलीत. पहिलं फुकटचं. फुकट म्हणून वाईट नाही, पण पडद्यावर इतकी बटणं आहेत की रेकॉर्डिंगचं लाल बटण शोधण्यात आपण काय बोलणार होतो ते विसरायला होतं. दुसरं भाड्याचं. महिन्याच्या महिन्याला पैसे भरा, नाही भरले तर तुमचंच काम तुम्हाला उघडू देणार नाही. मला ते महिनोन्महिने लागणार नाही हे खरं, पण तत्त्व म्हणून पटत नाही.

तिसरं एकदा पैसे मोजले की कायमचं आपलं. किंमत झेपण्यासारखी, आवाज स्वच्छ, आणि सध्या थोडे दिवस नुसतं वापरून बघता येतं. पण त्याला एक घाणेरडी खोड आहे. ते काहीच टाकत नाही. चाचणी म्हणून काहीबाही बोलून मी खोकला कापला, चुकलेलं वाक्य कापलं, की ते पडद्यावरून जातं, आणि आत कुठल्याशा कोपऱ्यात जसंच्या तसं साठून राहतं. डिस्क उगाच भरत जाते. तू दुकानात चिंध्यांची पोती भरून ठेवतेस ना, तसलाच प्रकार. हे बंद करायची सोय शोध शोध शोधली, मिळाली नाही. कंपनीला विचारलंय, उत्तर आलं की ठरवतो.

कपाट मात्र तयार आहे. शर्ट बाजूला सरकवून आत रजया लावल्या, स्टूल ठेवलं, माइक टांगला. वाक्यं अजून सुरू केली नाहीत. ही रोज विचारते. आधी निवड तर नीट होऊ दे, असं मी कागदावर लिहून दाखवतो. मग ती तोंड फिरवून रडते आणि मी बघत राहतो. मला काही वाटत नाही गं. दात काढताना हिरडी बधिर करतात ना, तसं आहे. जीभ लावून बघतो, तर तिथे कुणी नसतंच.

भावोजींचा गुडघा कसा आहे ते लिही. तुझ्या रागालोभात मला धरून ठेव.

तुझा
भाऊ


२ मार्च

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

कंपनीचं उत्तर गेलं खड्ड्यात.

तू निवडत नाहीयेस, तू वेळ काढतोयस. लहानपणी परीक्षेच्या आधी पेन्सिलींना टोकं काढत बसायचास, पुस्तक उघडायचं नाही म्हणून. पार पेन्सिल संपेपर्यंत टोक काढायचास. मी तेव्हाही ओळखलं होतं आणि आताही ओळखते. वीस तारखेनंतर तुझ्याकडे जगातलं सगळ्यात भारी सॉफ्टवेअर असेल आणि त्याच्यात घालायला काही नसेल.

तिसरं घे. काही टाकत नाही तर न टाकू दे, तुझ्या बापाचं काय जातं? (बाप आपला एकच, म्हणून म्हणते.) आज पैसे भर आणि उद्या कपाटात शीर. भावजयीला मी फोन केलाय, तू शिरला नाहीस तर ती बाहेरून कडी घालणार आहे.

रागावून लिहिते आहे, पण हात डोक्यावरच आहे तुझ्या.

ताई


१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिसरं घेतलं. वाक्यं झाली, सगळीच्या सगळी. बाईंकडे पाठवूनही दिली.

तुला सांगतो, इतकं नीट काम मी पगारी कामातही केलं नसेल. घसा खरखरतो, त्यामुळे एकेक वाक्य चारचारदा घ्यावं लागलं, पण शेवटी सगळं एका पट्टीत आणलं. खोकला, श्वास, खाकरणं, मध्ये आलेले घरातले आवाज, सगळं तासून काढलं. बाईंनी निरोप धाडला की एवढं स्वच्छ रेकॉर्डिंग त्यांच्याकडे आजवर कोणी दिलं नव्हतं. ताई हा शब्दही केला. एकटाच शब्द असला की आवाज नीट बसत नाही, त्यामुळे त्याला बराच वेळ गेला, पण एक चांगला निघाला.

हिने विचारलं की शेवटचं वाक्य म्हणताना कसं वाटलं. मी खरं तेच सांगितलं, काही वाटलं नाही. कपाटातून बाहेर आलो, दिवा मालवला आणि शर्ट परत जागेवर लावले.

तू एकोणीसला येतेयस ना? येताना जाड दोरा आण, रजईची शिवण उसवली आहे. बाकी भेटीत. बोलणं तूच कर, मी ऐकेन.

तुझा
भाऊ


१२ एप्रिल

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

घरी नीट पोचले. तुझी जखम भरतेय असं डॉक्टर म्हणाले, त्यावर मी निम्मी बरी झाले. आता दुसरं लिहिते. मनाला लावून घे, मी लावून घेण्यासाठीच लिहिते आहे.

परवा यंत्राचा पहिला फोन आला. मी हातातली कात्री खाली ठेवली. तिकडून आवाज आला, ताई, मी बरा आहे, जखम भरत आहे. आवाज तुझाच, यात शंका नाही. पण लिफ्टमधला! मी फोन कानाला लावून दरवाजा उघडायची वाट बघत राहिले. हसू आलं, पण टिकलं नाही. तू मला ताई म्हणालास ते तिसरा मजला म्हणतोस तसं.

भावजयीला खोदून विचारलं. ती म्हणाली की यंत्र बोलायला लागलं की ती काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जाते. चहा हवा आहे असं ते म्हणतं तेव्हा तिला वाटतं आपण बँकेच्या रांगेत आहोत आणि आपला नंबर पुकारला. तुला सांगू नका म्हणाली, म्हणून सांगते.

अरे, लोकांना ऐकवतोस तो आवाज आम्हाला कशाला? तो तर आहेच, बटण दाबलं की मिळतो. आम्हाला घरातला पाहिजे होता, कुरकुरणारा. कापड कापताना शिवणीत थोडी माया ठेवतात, पुढे घट्ट झालं तर उसवून सैल करता यावं म्हणून. इतकं तासलंस, त्यात तेवढीही ठेवली नाहीस का रे?

औषधं वेळेवर घे. माझं बोलणं लागलं असेल तर लागू दे, पण पत्र टाक.

ताई


२५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लागलं. ही स्वयंपाकघरात का जाते ते मला कळत होतं, पण कळूनही काही होत नव्हतं.

तुझं पत्र वाचलं आणि संगणकापाशी जाऊन बसलो. डिस्क भरली होती, ती त्या सॉफ्टवेअरच्या खोडीने. त्याने साठवलेला सगळा कचरा एकदाचा पुसून टाकायला निघालो होतो. पुसायच्या आधी सवयीने एक तुकडा ऐकला. मी खोकतोय. मग म्हणतोय, अगं तो मिक्सर बंद कर, इथे माणूस कामाला बसलाय. दुसऱ्या तुकड्यात म्हणतोय, हे वाक्य कुठल्या शहाण्याने लिहिलंय, असं कोणी घरी बोलतं का. एका तुकड्यात कपाटाचं दार करकरतं, हिने डोकावलं असणार, आणि मी म्हणतो, ये ना आत, जागा आहे. मग हँगर खुळखुळतात आणि नुसता दोघांचा श्वास. बराच वेळ. ताई, यातलं मला काहीही आठवत नव्हतं.

मग ताई या शब्दाचे तुकडे लागले. मी तुला लिहिलं होतं की आवाज नीट बसत नव्हता. बसत नव्हता तो रडण्यामुळे. एकामागून एक, किती तरी. अर्धा शब्द आणि मग हुंदका. एकदा तर मी ताये म्हणालोय, लहानपणी पडलो की म्हणायचो तसं. आणि तो प्रत्येक तुकडा मीच कापलाय, अगदी सफाईने, आणि बाहेर येऊन हिला सांगितलंय की काही वाटलं नाही. खोटं नव्हतो बोलत गं. माझं मलाच ठाऊक नव्हतं.

ऐकता ऐकता बांध फुटला. आता आवाज नाही, त्यामुळे रडलो तरी नुसती हवा येते. श्वास अडकला समजून ही धावत आली. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि दार करकरतं तो तुकडा लावला. ती स्वयंपाकघरात गेली नाही. पुन्हा लाव म्हणाली, पुन्हा लावला.

सगळा कचरा बाईंकडे नेऊन दिला. त्यांनी विचारलं, खोकल्यासकट? मी पाटीवर लिहिलं, खोकल्यासकट. यंत्र नव्याने तयार व्हायला थोडे दिवस लागतील. मग तुला फोन करीन. पहिल्यांदा जरा थांब, टाइप करायला वेळ लागतो मला.

तुझाच
भोंगा


४ मे

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

काल फोन आला तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी थांबले, तू सांगितलंस तशी. मग तिकडून खाकरल्यासारखं झालं आणि तू म्हणालास, ताये, ऐकतेस ना?

मी मान हलवली. फोनवर मान हलवून काय उपयोग! तू परत विचारलंस. मी परत मान हलवली. शेवटी त्या गिऱ्हाईक बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि तुला सांगितलं की त्या रडताहेत, नंतर करा.

नंतर तू केला नाहीस, म्हणून हे पत्र. ऐकतेय रे. बोल.

तुझी
ताई