तीन मोज्यांतला गारठा

वॉलॉंगॉंग, १९ ऑगस्ट २०२०

प्रिय चित्रा,

ताईचा तुला पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? शिरीषरावांच्या तोंडाला चव आली का? (नसेल आली, तर तेवढ्यात कारल्याची भाजी खपवून घे.) तुझ्या सासूबाई मास्क नाकावर घेतात, की अजून हनुवटीला झोळी बांधून हिंडतात? मी ठणठणीत. तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद पडली. आता आठवा महिना लागलाय. पाहुणी होते, ती फर्निचर झालेय.

पत्रास कारण आमच्या रुचाचे पाय. आमची सून मार्चपासून हॉस्पिटलच्या तापाच्या वॉर्डात आहे हे तुला ठाऊकच. घरी आली की गॅरेजमध्ये कपडे बदलते, वेगळ्या खोलीत जेवते, आणि मला लांबूनच हात करते. पाच महिन्यांनी तिला तीन दिवसांची रजा मिळाली. तपासणी करून घेतली, निगेटिव्ह आली. आता माणूस काय करेल? झोपेल. हिला बर्फाचा डोंगर चढायचा होता! वर न्यायला पाळणे असतात, पण त्यात बसणं म्हणे खरं नव्हे. पायाला लांब पट्ट्या बांधायच्या, मागे घसरू नये म्हणून त्यांच्या तळाला केसाळ कापड चिकटवायचं, अर्धा दिवस चढायचं आणि पाव तासात घसरत खाली यायचं. (आपण लहानपणी घसरगुंडीवर हेच करायचो, पण त्यासाठी पाच तास गाडी हाकत नव्हतो.) पण ती सिद्धार्थला म्हणाली, "एकदा वर उभं राहून मास्कशिवाय श्वास घ्यायचाय रे." ते ऐकलं आणि मी पिशवी भरायला घेतली.

तिचे पाय जात्याच गार. मागच्या वर्षी बोटं बधिर झाली म्हणून अर्ध्यातून परतली होती. म्हटलं, यंदा तिच्या पायांची जबाबदारी माझी. आदल्या रात्रीच आम्ही तिघं डोंगराच्या पायथ्याशी मुक्कामाला पोचलो. पहिल्या दिवशी सकाळी लोकरीच्या मोज्यांचे तीन जोड एकावर एक चढवले, आणि बुटांत भाजलेल्या ओव्याच्या पुरचुंड्या खुपसल्या. बुटाला बाळंतिणीच्या खोलीचा वास सुटला. सिद्धार्थ म्हणाला, "आई, इट्स टू मच." रुचाच त्याला म्हणाली, "असू दे रे, आईंनी एवढं खपून विणलेत." (या वाक्याला भुवई उचलू नकोस. त्याचं पुढे बघू.)

दुपारी परत आली ती लंगडत. वाटेतच पुरचुंड्या काढून खिशात घातल्या होत्या, तरी बोटं मेणासारखी पांढरी. अंतर-बिंतर विसरून मी तिचे पाय मांडीवर घेतले. चोळायला गेले तर म्हणाली, "चोळू नका आई, नुसते धरून ठेवा." मग बसले धरून. सासूने सुनेचे पाय धरायची ही आपल्या घराण्यातली पहिलीच वेळ असावी. पण पाच महिन्यांनी पोरीला हात लावला गं.

दुसऱ्या दिवशी ती झोपून राहिली आणि मी चवथा जोड कुठे मिळतो ते पाहायला बाहेर पडले. बूट भाड्याने देणाऱ्या दुकानात एका वेळी एकालाच प्रवेश, म्हणून मालक रॉन पायरीवर येऊन बोलला. दाढी हनुवटीच्या मास्कमध्ये मावत नव्हती. माझं इंग्रजी स्वतःच शिकलेलं, त्याचं कुणीच शिकवलेलं नसावं. सगळं ऐकून तो म्हणाला, "टू मेनी सॉक्स, लव्ह." (लव्ह म्हणाला! भर रस्त्यात! इथे सगळ्यांनाच म्हणतात असं सिद्धार्थ सांगतो, तरी मी पदर सारखा केला.) मग स्वतःची मूठ करकचून आवळून दाखवली, बोटं पांढरी पडली. घट्ट बांगडीने हात सुजतो हे चाळीस वर्षं मी पोरींना सांगत आले, आणि बुटात तेच करून बसले. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसं बूट पाहून मोजे घालावेत. शिवाय चढताना पायाला घाम येतो आणि थांबलं की तोच गारठतो, म्हणजे ओल हीच खरी वैरीण.

तिसरा दिवस शेवटचा. एकच पातळ मोजा घातला, चढताना बुटाचे चाप सैल. रात्रभर बुटाचं आतलं अस्तर मी माझ्या पांघरुणात घेऊन झोपले होते. (सिद्धार्थच्या बाळपणानंतर इतकं ओलसर काही कुशीत घेतलं नव्हतं.) कोरडा जोड पोटाशी, डोक्याला लोकरीची टोपी, आणि दर तासाला एक तिळाचा लाडू. चूल पेटती असली तर परसातल्या खोलीतही ऊब पोचते.

मग मी खाली गाडीत बसून जप करत राहिले. साडेबाराला फोनवर फोटो आला. ना डोंगर, ना तिचं तोंड. बर्फावर टोपी अंथरलेली आणि तिच्यावर पाच गुलाबी, टुणटुणीत बोटं! मी गाडीत एकटीच टाळ्या पिटल्या. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच वर केली.

तुझी,
मीनाताई

ता. क. आता खरं सांगते. ते तीनही जोड तू सिद्धार्थसाठी विणून दिलेले. रुचाला वाटलं मी विणले, आणि तिचा चेहरा इतका फुलला की माझ्याच्याने खोडवेना. आता सप्टेंबरअखेर दोन दिवस रजा मिळेल म्हणते, आणि "आई, तुमच्या हातचा एक पातळ जोड द्याल?" असं विचारलंय. लोकर आणलीय, पण टाचेपाशी अडकलेय. टाच कशी वळवायची ते सविस्तर लिही. या पत्राच्या पानांचे फोटो सिद्धार्थ काढून पाठवतो. त्याला माझं अक्षर लागत नाही, म्हणून निर्धास्त लिहिलंय.

ता. क. २. चित्रामावशी, नमस्कार. सिद्धार्थ मीटिंगमध्ये आहे, म्हणून फोटो मी काढतेय. पहिल्या दिवशीच मोज्यात तुमची चिठ्ठी सापडली होती: "सिद्धूबाळा, पाय गार ठेवू नकोस. मावशी." आईंना हे कळू देऊ नका. पण टाचेचं मात्र लवकर लिहा हं, त्या आज तिसऱ्यांदा उसवताहेत आणि मला विचारतात, "अगं, तुझ्या टाचेला काही वेगळा आकार आहे का?" – रुचा