खोक्यातून आलेला कायदा

१९ जानेवारी

आरोपी झाले मी! वय त्रेचाळीस, काम शाळेत गणित शिकवणं, गुन्हा – पहिला नवरा असताना दुसरा करणं. दुमागेतेच्या कोर्टात नाव पुकारलं, तर सवयीनं मोठ्यांदा ‘हजर!’ म्हणाले. कारकून हसला. मग मीही हसले. हसायला नको होतं का? दोषी ठरले तर सहा वर्षं किंवा जास्त कैद, आणि एल्पिडिओशी झालेलं लग्न रद्द. हे सगळं ठाऊक असून हसले.

तक्रार मनांग बेबिंगची – मनांग म्हणजे ताई; एल्पिडिओची थोरली बहीण, शेजारच्याच घरात राहते. जामीन देऊन घरी आलो तर ओट्यावर तिनंच आणून ठेवलेलं कोंबडीचं सार, वाफाळतं.

“केस केसच्या जागी, जेवण जेवणाच्या जागी,” म्हणाली. “माझा भाऊ पापात राहतोय. म्हणून काय त्याला उपाशी राहू देऊ?”

दोन वाट्या प्याले. अप्रतिम होतं. हे लिहायलाच हवं.

२ फेब्रुवारी

आज मोठी गंमत, आणि मोठी पंचाईत.

आपल्याकडे, फिलिपिन्समध्ये, घटस्फोट नाही. पण नवरा परदेशी नागरिक झाला आणि त्यानं तिकडे घटस्फोट घेतला, तर इथली बायकोही मोकळी होते. माझा पहिला नवरा आर्सेन कॅनडात विनिपेगला गेला, तिथला नागरिक झाला, मग तिथल्या कोर्टातून घटस्फोट घेऊन सुटला. अकरा वर्षं झाली. त्याचा निवाडा आमच्या वकीलबाई, अ‍ॅटर्नी विलारिन यांनी रुबाबात पुढे ठेवला.

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. “निवाडा दिसतोय. पण कॅनडात घटस्फोट चालतो हे कशावरून?”

अख्खी खोली खिदळली.

“युअर ऑनर, हे तर बाजारातल्या मासेवालीलाही माहीत आहे!”

“मलाही माहीत आहे, अ‍ॅटर्नी. माझी भाची तिथे दोनदा सुटलीय. पण कोर्टाला माहीत नाही. परक्या देशाचा कायदा इथे पुराव्यानं सिद्ध करावा लागतो.”

म्हणजे तिथल्या कायद्याची प्रमाणित प्रत, वर आपल्या वकिलातीचा शिक्का. शिवाय घटस्फोटाआधीच आर्सेन तिथला नागरिक होता याचा दाखला. पुढची तारीख वीस मे.

वर्गात मी पोरांना काय सांगते? दिसतंय म्हणून सिद्ध झालं असं नाही! अठरा वर्षं सांगतेय. आज कुणीतरी मला सांगितलं. राग आला नाही. उलट बरं वाटलं – आपल्यासारखाच काटेकोर माणूस तिथे वर बसलाय.

३ फेब्रुवारी

आर्सेनला फोन. “मी स्वतः येतो,” म्हणाला. “फिएस्टाही गाठतो, गावची जत्रा चुकवायची नाही. डुकराची तयारी ठेवा.”

एल्पिडिओ शेजारून ओरडला, “ठेवली!”

१२ मे

आर्सेन आला. टक्कल पडलंय, हसणं तेच. फिएस्टामुळे गावात एक खोली रिकामी नाही, म्हणून एल्पिडिओनं त्याची बॅग सरळ आमच्याच घरात नेली. पाहुण्याला दारातून कोण परत पाठवतं?

नागरिकत्वाचा दाखला आणलाय – तारीख घटस्फोटाच्या दोन वर्षं आधीची. तीनदा वाचली. मग विचारलं, “आणि कायदा?”

“तो खोक्यात टाकला ना. फेब्रुवारीतच.”

“खोक्यात?!”

“चांगल्या वस्तू खोक्यातूनच पाठवतो आपण. बॅगेत चुरगळला असता.”

आम्हां सगळ्यांचं असंच. परदेशातून घरी पाठवायचं म्हणजे मोठं खोकं – साबण, चॉकलेट, बूट – आणि ते बोटीनं! बोट मनिलाच्या बंदरात अडकलीय. आम्हां दोघांपैकी एकालाही त्याच्यावर ओरडता आलं नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही खोक्यातच टाकला असता.

तेवढ्यात मनांग आली. कमरेवर हात. “हाच का तो? आणि ह्याला घरात ठेवलंत? दोन नवरे एका छपराखाली! आता साक्षीदार कशाला हवेत मला?”

आर्सेन उठून उभा राहिला. “मग मला तुमच्याकडे ठेवून घ्या, मनांग. पाप तेवढं कमी होईल.”

मनांग पुढे आली. बॅग उचलून चालू लागली. तो मागून.

१५ मे

फिएस्टा. डुक्कर खरपूस. बोटीचा पत्ता नाही.

एल्पिडिओ आणि आर्सेन हातात हात घालून कोंबड्यांची झुंज बघायला गेले. पाच दिवसांत कदाचित हे घर मोडेल, आणि मी नाचले. दोनदा. स्वतःला विचारलं, ही बेफिकिरी का? नाही. माझं घर अजून माझं आहे, म्हणून नाचले.

१८ मे

आलं! खोकं आलं!!

सगळी आळी जमली. एल्पिडिओनं कोयत्यानं चिकटपट्टी कापली. टॉवेल, साबण, चॉकलेट, कॉर्न्ड बीफचे डबे. डब्यांच्या दोन थरांमध्ये कॅनडाचा कायदा, सपाट, शिक्क्यासकट! मी खाली बसून रडले. शेजारीण म्हणाली, “रडतेस काय, चॉकलेट वितळतंय, वाटून टाक.”

मनांगनं एक साबण घेतला. कायद्याकडे बघितलंही नाही. आर्सेनच्या शर्टाचं बटण तुटलं होतं, तिकडे मात्र बघितलं.

२० मे

सरकारी वकिलांनी प्रत हुंगली. “या कायद्याला साबणाचा वास का येतो?”

आर्सेन, शपथेवर: “साहेब, तीन महिने साबणाबरोबरच राहिला.”

न्यायाधीशांनीही हुंगून पाहिलं. “कायदा स्वच्छ दिसतोय. दाखल करून घ्या.”

तक्रारदाराच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं. त्या बाकावर मनांग एकटीच होती. आर्सेनच्या शर्टाचं बटण लागलेलं होतं.

२७ मे

आर्सेन परत गेला. विमानतळावर मनांगही आली – “गाडीत जागा होती म्हणून.” जागा नव्हती. मी मागे तांदळाच्या पोत्यावर बसले.

९ ऑगस्ट

निर्दोष!

दुसऱ्या लग्नाआधीच पहिलं संपलेलं होतं, हे सिद्ध झालं असं न्यायाधीशांनी वाचलं. एल्पिडिओ उभा राहून त्यांनाच जेवायला बोलावू लागला, त्याला ओढून खाली बसवावं लागलं. बाहेर पायऱ्यांवर त्यानं मला उचललं. सत्तर किलो! त्याची कंबर धरली, तरी सोडेना.

कालही मी निर्दोषच होते. मग आज इतकं हलकं का वाटावं? सिद्ध होणं म्हणजे वेगळंच काहीतरी असतं. विचार करायला हवा. उद्या. आज खूप खाल्लंय.

२१ ऑगस्ट

सकाळी मनांग आली. निकालाची शिक्क्याची प्रत हवी म्हणाली. मी विचारलं, “आता आणखी कुठे तक्रार?”

“तक्रार नाही गं. आर्सेन नोव्हेंबरात येतोय. तो मोकळा आहे हे तू सिद्ध केलंस ना – मला ते हातात हवंय.”

“आणि पाप, मनांग?”

“ते मी आणि देव बघून घेऊ. तू प्रत काढ.”