मोकळं कडवं

प्रिय ताई,

अल्बम झाला गं एकदाचा, म्हणजे जवळजवळ! भाऊजी विचारतील, हे नेमकं कसलं संगीत? त्यांना सांग, मलाही नाव सापडलेलं नाही. एका गाण्यात आलाप रंगात आला की मध्येच रॅप घुसतं, दुसऱ्यात ट्रम्पेटवर अंगाई आहे. पण मी खूश आहे, अगदी मनापासून.

मागच्या खोलीत गाद्या भिंतीला टेकवून रेकॉर्डिंग केलं. रॅपवाली पोरगी अ‍ॅम्ब्युलन्स चालवते. ड्युटी संपली की गणवेशातच यायची आणि शब्द असे फेकायची की काचा थरथरायच्या. चेलो वाजवणाऱ्या दंतवैद्य बाईंनी सगळ्यांचे दात तपासून टाकले. आणि पोलीस बँडमधून निवृत्त झालेले ट्रम्पेटवाले काका! पहिल्या दिवशी माझ्या लॅपटॉपकडे त्यांनी असं पाहिलं, जणू तो त्यांच्या खुर्चीत येऊन बसलाय. आठवडाभरात मात्र आमची गट्टी जमली.

गेल्या रविवारी कव्हरवरची नावं लिहायला बसलो. काकांची चार सुरांची एक जागा मी अंगाईभर पेरली होती आणि संगीत म्हणून फक्त माझं नाव टाकलं होतं. काका चष्मा सरकवत म्हणाले, "बाई, ते चार सूर माझे. नाव घाला. कुणी शिव्या दिल्या तर त्याही माझ्याच." सगळे हसले. मी नाव घातलं, पण माझा चेहरा उतरला. दंतवैद्य बाईंनी काय झालं विचारलं, आणि बारा वर्षं गिळलेलं बाहेर पडलं.

ज्या गाण्याने माझं नाव झालं, त्याची चाल तुझी. इस्त्री करताना तू ती गुणगुणायचीस. मी शब्द बसवले, गायले आणि टाळ्या पडल्या तेव्हा गप्प राहिले. तू पहिल्या रांगेत होतीस. नंतर एवढंच म्हणालीस, "छान झालं गं." त्यानंतर माझ्यासमोर कधी गुणगुणली नाहीस. ते मला कळलं होतं, ताई. कळून न कळल्यासारखं केलं.

म्हणून हे पत्र. ते गाणं नव्याने घेतलंय आणि संगीत म्हणून तुझं एकटीचं नाव लिहिलंय. जुन्या नोंदीही बदलायला दिल्यात. फोनवर माफी मागितली असती तर तू "जाऊ दे गं" म्हणून विषय संपवला असतास. रागव, हवं तितकं रागव. शेवटचं कडवं तुझ्या आवाजासाठी मोकळं ठेवलंय. शनिवारी दुपारी आम्ही चौघंजण तुझी वाट बघू. नाही आलीस तर ते नुसत्या साथीवर जाईल. तिथे मी गाणार नाही.

तुझीच,
भोंगा